खाडा न करणारा हात

२०१६ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलावंतांनी कारखान्यातला एक अजस्र यंत्रहात पारदर्शक भिंतींच्या खोलीत उभा केला. त्याच्याभोवती रक्तासारखा दाट लाल द्रव. तो पसरून ठरल्या सीमेबाहेर गेला की सेन्सरला कळायचं आणि हात रबरी पट्टीनं तो ओढून परत जवळ आणायचा. द्रव पुन्हा पसरायचा, हात पुन्हा ओढायचा. मध्येच तो अंग खाजवल्यासारखा, लवून मुजरा केल्यासारखा हलायचा. अशा ३२ हालचाली त्याला शिकवलेल्या होत्या. २०१९ मध्ये हीच कलाकृती व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. पुढे तिचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले आणि लोकांनी एक गोष्ट रचली : हा द्रव म्हणजे त्या यंत्राचं स्वतःचं तेल, ते वाहून गेलं तर यंत्र मरणार, म्हणून बिचारं जिवाच्या आकांतानं गोळा करतंय. गोष्ट साफ खोटी. हात विजेवर चालतो; द्रव सांडला काय, राहिला काय, त्याला सोयरसुतक नाही. तरीही जगभरातली माणसं त्याच्यासाठी हळहळली.

त्याच २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी राज्यभर गाजली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहांतली एक. कारणं एकात एक गुंतलेली : लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, फडावर ना पाणी ना आडोसा, कर्करोगाची घातलेली भीती. आणि खाडा. पाळीच्या दिवसांत घरी राहिलं तर मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. पिशवी काढली की कटकट मिटते, असा साधा हिशेब.

रोबो आणि कला म्हटलं की आपल्याकडे एकच चर्चा रंगते : यंत्राला चित्र काढता येईल का? आय-डा नावाच्या रोबोनं केलेलं ॲलन ट्युरिंगचं चित्र २०२४ मध्ये सदबीजच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेलं, तेव्हा ही चर्चा पुन्हा झडली. मला ती रिकामटेकडी वाटते. रोबो जन्मला तोच मुळी रंगभूमीवर, आणि तिथं प्रश्न वेगळाच होता. कारेल चापेकचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२१ साली प्रागमध्ये गाजलं. त्यातले रोबो लोखंडी नाहीत, रक्तामांसासारख्या पदार्थाचे आहेत. कारखान्याचा व्यवस्थापक मोठ्या अभिमानानं सांगतो की, आमच्या अभियंत्यानं माणसाची रचना तपासली आणि कामाला थेट उपयोगी नाही ते सगळं वगळलं. आनंद होणं वगळलं, व्हायोलिन वाजवणं वगळलं. स्वस्त मजूर तयार.

हा संवाद बीडमध्ये बसून वाचला की काटा येतो.

ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. आगाऊ उचल कोयत्यावर मिळते आणि तिची वळतीही कोयत्यावरच होते. पहाटेच्या गारठ्यात फडात शिरायचं, ऊस बुडाशी तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. गाडी रात्री आली तर रात्री. गुगेनहाइममधल्या हाताच्या ३२ हालचाली कलावंतांनी निदान मन लावून बसवल्या होत्या.

आता ऊस तोडणारा हार्वेस्टर आला आहे. राज्यात अशा ९०० यंत्रांसाठी अनुदानाची योजना निघाली : किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांत जे कमी असेल ते. यंत्र उभ्या उसाच्या कांड्या करून बाहेर फेकतं; त्याला रुंद सऱ्या आणि सलग रान लागतं, म्हणून लहान तुकड्यांत कोयता अजून टिकून आहे. कोयता गेला म्हणून मी तरी उसासे टाकणार नाही. फळीवरून मोळी चढवण्यात कसलंही सौंदर्य नाही, आणि ते शोधणाऱ्या साहित्यिकांनी एक मोळी उचलून पाहावी.

पण चापेकच्या अभियंत्यानं वगळलेल्या गोष्टींचं काय? याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत, संतकवी दासोपंतांची पासोडी आहे : सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर ओव्या आणि आकृत्यांनी मांडलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं वेदान्ती विवेचन. दासोपंत १६१५ साली गेले. आजचं यंत्र ती अक्षरं हुबेहूब उतरवील, यात शंका नाही. उतरवू दे. कापडावर आख्खा ग्रंथ लिहिणारा तो हात कुणाच्या वहीत अर्धा म्हणून लागला नव्हता, त्याच्या रिकाम्या दिवसाचा दंड कुणी कापला नव्हता. कलेला लागते ती ही मोकळीक, आणि हार्वेस्टरमुळे ती फडातल्या बाईला मिळणार असेल तर यंत्राचं स्वागतच करावं.

मात्र अनुदान यंत्र घेणाऱ्याला मिळतं. कोयता सुटलेल्या बाईच्या हाती रिकामा वेळ येईल तो पगाराविना, आणि मागच्या हंगामाची फिटायची उचल तिच्या घराच्या नावावर तशीच असेल. यंदाचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत गावोगावच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतील; मुकादमाची नवी वही उघडलेली असेल आणि त्यात कोयते मोजले जात असतील.