हिशेबतपासनीसाचा ख्रिस्त

१९३४ च्या जानेवारीत भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला. राजेंद्रप्रसादांनी मदतनिधी उभारला आणि त्याचे हिशेब पाहायला एक काटेकोर गृहस्थ पाटण्यात येऊन बसले. निधीतला पैसा आपद्ग्रस्तांचा आहे, कार्यकर्त्यांच्या सोयीचा नाही, हा त्यांचा दंडक. पुढे गांधीजी बिहारात आले, तेव्हा त्यांच्या सोबतच्या मंडळींचा खर्चही या निधीतून करता येणार नाही, असे त्यांनी कळवून टाकले. हे गृहस्थ म्हणजे तंजावरला जन्मलेले तमिळ ख्रिस्ती जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

निधर्मी राष्ट्रात श्रद्धेने राजकारणात आणि अर्थकारणात यावे का, या प्रश्नावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, धर्म देवघरात ठेवा. दुसरा म्हणतो, धर्मावाचून राजकारण म्हणजे नुसती सत्तेची बाजारपेठ. कुमारप्पांचे आयुष्य या दोन्ही उत्तरांना पुरून उरते, म्हणून ते पुन्हा वाचायला हवे.

१८९२ मध्ये जन्मलेल्या कुमारप्पांनी लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले, मुंबईत पेढी काढली आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. याच सेलिग्मन यांच्याकडे काही वर्षे आधी आंबेडकरही शिकले होते. ब्रिटिशांची करपद्धती आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य यांचा संबंध दाखवणारा कुमारप्पांचा प्रबंध गांधीजींच्या हाती पडला. १९२९ मध्ये दोघांची साबरमतीला भेट झाली. ‘यंग इंडिया’ने तो प्रबंध छापला आणि सुटाबुटातल्या लेखापरीक्षकाने खादी चढवली.

गांधीजींनी त्यांना लगेच खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात धाडले. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी बरोबर घेऊन कुमारप्पांनी गावोगाव शेतकऱ्याची मिळकत, खर्च, कर्ज आणि शेतसारा यांची नोंद केली. शेतसारा अन्यायाचा आहे हे भाषणात सांगणारे पुष्कळ होते. तो शेतकऱ्याच्या कमाईतून किती ओरबाडतो हे कोष्टकात मांडणारे थोडे. १९३१ च्या कराची अधिवेशनानंतर काँग्रेसने ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यातल्या कर्जाची छाननी करायला समिती नेमली. तिच्या कामातही कुमारप्पा पुढे होते. साम्राज्याने आपल्या लढायांचा खर्च इथल्या रयतेच्या नावावर कसा टाकला, हे तिथे कलमवार दाखवले गेले.

या सगळ्यात ख्रिस्त कुठे होता? त्याचे उत्तर जबलपूरच्या तुरुंगात मिळते. १९४२ नंतरच्या बंदिवासात कुमारप्पांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर, दुसरे चिरंतन अर्थव्यवस्थेवर. १९४५ मध्ये दोन्ही प्रसिद्ध झाली. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या लावल्या आहेत. सर्वांत खाली दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारी परोपजीवी व्यवस्था, मग लुटारू, मग स्वतःच्या कष्टाची, त्यावर समूहासाठी राबणारी आणि सर्वांत वर सेवेची, जिथे पिलाला भरवणारी पक्षीण परतफेडीचा विचार करत नाही. पहिले पुस्तक बाजूला ठेवले तरी दुसरे समजते. श्रद्धा लेखकाची, पण मांडणी अश्रद्ध वाचकालाही तपासता येईल अशी. अर्थतज्ज्ञ शूमाकर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’मध्ये या मांडणीचा आधार घेतला, तो बौद्ध अर्थशास्त्रावरच्या प्रकरणात. एका ख्रिस्ती माणसाचा विचार बौद्ध चौकटीत सहज बसतो, यातच त्याची ताकद आहे.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. कुमारप्पांनी धर्माच्या नावाने पहिला जाब विचारला तो स्वतःच्या चर्चला. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात निःशस्त्र माणसांची डोकी फुटत होती आणि मिशनरी वर्तुळे बव्हंशी गप्प होती. कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही, असे मत कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट मांडत होते. कुमारप्पांनी त्यांच्याशी उघड वाद घातला. येशूचे डोंगरावरचे प्रवचन खरे मानायचे, तर लाठी खाणाऱ्याच्या बाजूला उभे राहायचे की चालवणाऱ्याच्या, हा त्यांचा सरळ प्रश्न होता.

यातून श्रद्धेच्या सार्वजनिक वावरासाठी दोन अटी निघतात. तिने आपले म्हणणे सगळ्यांना पडताळता येईल अशा भाषेत मांडावे आणि पहिली तपासणी स्वतःच्या घराची करावी. या अटी पाळणारी श्रद्धा निधर्मी राष्ट्राला जड होत नाही.

आपल्या घटनेनेही धर्म आणि पैसा यांच्यात रेघ मारून ठेवली आहे. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते आणि त्याच कलमात, धर्माचरणाशी निगडित आर्थिक, वित्तीय व राजकीय व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार राज्याला देते. कलम २७ सांगते की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर वसूल करता येणार नाही. या रेघेचा प्रत्यक्ष अर्थ २०२४ च्या नोव्हेंबरात दिसला. अनुदानित शाळांतल्या कॅथलिक जोगिणी आणि धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेतात, पगार स्वतःकडे न ठेवता आपल्या धर्मसंघाला देतात. मग त्यातून प्राप्तिकर कापायचा का? कापायचा, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने दिला. पगार ज्याच्या नावे, कर त्याचा. तो पगार पुढे कुणाला दिला हा त्याचा खासगी निर्णय. व्रताचा यात अपमान नाही. उलट, सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या शेजारच्या शिक्षकाला जो नियम, तोच व्रतस्थालाही लागू करणे, हीच निधर्मी राज्याकडून अपेक्षा असते.

जिथे श्रद्धावंतच बहुसंख्य, तिथे कसोटी अवघड होते. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोराममध्ये ख्रिस्ती लोक ८७ टक्के आहेत. तिथे चर्चच्या पुढाकाराने दारूबंदी आली, २०१५ मध्ये सैल झाली आणि २०१९ मध्ये पुन्हा कडक झाली. चर्चच्याच प्रेरणेने २००६ मध्ये उभा राहिलेला मंच उमेदवारांच्या खर्चावर आणि प्रचाराच्या गोंगाटावर लक्ष ठेवतो. निवडणुकीतला पैसा आटोक्यात ठेवणारे चर्च कुणालाही आवडेल. पण तेच चर्च उत्पादनशुल्काचे धोरण ठरवू लागले, तर उरलेल्या १३ टक्क्यांनी दाद कुठे मागायची? दारूने उजाडलेल्या संसारांचा पुरावा पुढे करून बंदी मागितली, तर ते लोकशाहीतले म्हणणे झाले. पाप म्हणून मागितली, तर ती बहुसंख्यांची आज्ञा झाली. इतर राज्यांत इतर धर्मांच्या नावाने जे चालते, त्यालाही हाच नियम लावावा लागेल.

आता उलट बाजू. राज्यही सर्वांना एकच नियम लावण्याची आपली अट नेहमी पाळत नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या धर्मांतरानंतर केंद्राच्या त्या दुरुस्तीला चौतीस वर्षे लागली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान मात्र अजून बाहेरच आहेत. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतरानंतरही तोच जाच तितकाच टिकतो याचा पुरावा मागितला. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. शिष्यवृत्ती आणि नोकरी यांची वाटणी माणूस कुठल्या देवाची प्रार्थना करतो हे पाहून होते, तेव्हा राज्य निधर्मी असल्याचा दावा कागदावर राहतो.

इथे चर्चलाही सुटका नाही. ज्या तमिळ प्रदेशातून कुमारप्पा आले, तिथल्या अनेक चर्चमध्ये दलितांची बसायची जागा आणि दफनभूमी वेगळी होती. सवलती मागताना हा जातिभेद पुरावा म्हणून पुढे ठेवायचा आणि व्यासपीठावरून बंधुभावाची ग्वाही द्यायची, हे एकाच तोंडाने बोलता येत नाही. खुद्द कुमारप्पांच्या खेड्याच्या कल्पनेतही जातीचा जाच पुरेसा दिसत नव्हता. आंबेडकरांनी घटना समितीत खेड्याचे जे कठोर वर्णन केले, त्याला कुमारप्पांच्या ग्रामोद्योगाच्या विचारात पुरेसे उत्तर सापडत नाही. तरी १९४९ चा काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचा अहवाल कुमारप्पांच्याच अध्यक्षतेखालचा आहे. कसणाऱ्याची जमीन, मध्यस्थांचे उच्चाटन आणि धारणेवर कमाल मर्यादा या त्यातल्या मागण्या भूमिहीनांनाही आपल्या वाटाव्यात अशा होत्या.

आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वाटेने गेले. हरित वसईच्या लढ्यात ते पाणी, वाडी आणि विकास आराखडा यांवर बोलले. म्हणूनच हिंदू बागायतदारालाही ती चळवळ आपली वाटली. धर्मगुरूने जमिनीच्या बाजारभावावर बोलणे तिथे कुणाला अनाठायी वाटले नाही, कारण तो आपल्या धर्मासाठी काही मागत नव्हता.

निष्कर्ष सरळ आहे. श्रद्धेला अर्थकारणातून हाकलू नये आणि तिला सूटही देऊ नये. धर्माच्या नावाने एखादे आर्थिक धोरण कुणी समोर आणले, मग तो बिशप असो, महंत असो की मौलवी, तर वाचकांनी त्याला दोनच प्रश्न विचारावेत. धर्मग्रंथ बाजूला ठेवला तरी तुमचे म्हणणे उभे राहते का? आणि हाच नियम तुम्ही आपल्या मठाला, मशिदीला, चर्चला लावून दाखवला आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल, तर त्याचे म्हणणे जरूर ऐका. नसेल, तर मत देताना ते लक्षात ठेवा.