जमत नाही, साहेब!

प्रयत्नांती परमेश्वर, असे आपल्याला लहानपणापासून सांगत आले आहेत. तो भेटायला किती सेकंद लागतात, हे मात्र कोणी सांगत नाही. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीने हा आकडा ठरवून टाकला आहे : ३०. तेवढ्यात हार्ड डिस्कने उत्तर दिले तर ठीक, नाहीतर तिच्याबद्दल काय समजायचे ते समजले जाते.

हे ज्ञान मला भाच्याकडून मिळाले. एका सार्वजनिक वाचनालयाने त्याला तातडीने बोलावून घेतले होते. फुकट काम करणाऱ्याला नेहमी तातडीनेच बोलावतात. वाचनालयाने जुन्या दिवाळी अंकांच्या पानापानाचे फोटो काढून चार हार्ड डिस्कवर ठेवले होते आणि मग, आता काय, सगळे संगणकात आहे, असे म्हणून निम्मे मूळ अंक रद्दीत घातले होते. इथे वाचकांपैकी काहींच्या पोटात गोळा आला असेल. यायलाच हवा.

चार डिस्क एकत्र बांधून एकच मोठी डिस्क असल्याचे भासवायचे, या व्यवस्थेला ‘रेड’ म्हणतात. (इन्कमटॅक्सवाल्यांशी संबंध नाही.) बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध लिहून हे नाव प्रसिद्धीला आणले. त्यातला ‘आय’ म्हणजे तेव्हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, स्वस्त. पुढे तोच ‘आय’ ‘इंडिपेंडंट’ झाला, स्वतंत्र. विकणाऱ्याला ‘स्वस्त’ हा शब्द फार दिवस पचत नाही, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना कळायला हरकत नाही.

आतली युक्ती मात्र शुद्ध तेरीजपत्रकाची. तीन रकमा लिहायच्या आणि चौथ्या जागी त्यांची बेरीज. चारांपैकी कुठल्याही एका आकड्यावर शाई सांडली तरी उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. संगणकाची बेरीज जरा निराळ्या पद्धतीची असते आणि ती आळीपाळीने चारही डिस्कवर ठेवली जाते, पण तत्त्व हेच. दोन आकड्यांवर शाई सांडली की मग चित्रगुप्तालाच विचारायचे.

वाचनालयात पहिली शाई पावसाळ्यात सांडली. एका डिस्कला आपलीच एक जागा वाचता येईना. डिस्क साधी, घरगुती वापराची. असल्या डिस्कचा स्वभाव असा, की एखादी जागा वाचता आली नाही तर ती पुन्हा वाचते, परत वाचते, मिनिट-दोन मिनिटे गेली तरी हटत नाही. इकडे तीस सेकंद झाले. वर बसलेल्या साहेबाने, म्हणजे कर्नेलने, हाका मारून पाहिल्या. उत्तर नाही, कारण बाई कामात! झाले. ‘निकामी’ असा शेरा मारून तिला बाहेर काढले.

आता अशा जथ्यात राहण्यासाठीच बनवलेली, जरा महागाची डिस्क घ्या. तीच जागा तिच्यापुढे आली तर ती साधारण सात सेकंद प्रयत्न करते आणि सरळ सांगते, “जमत नाही, साहेब.” साहेब रागावत नाही. उरलेल्या तिघींकडून हिशोब करून तो ती माहिती काढतो, तिच्याकडूनच पुन्हा लिहून घेतो आणि तिची नोकरी कायम.

म्हणजे जिने जीव तोडून काम केले ती घरी, आणि सात सेकंदांत हात वर करणारी विश्वासू! हे ऐकून मी भाच्यावरच उखडलो. मग आमच्या काउंटरवरचे दोन गृहस्थ आठवले. पहिले इतके सज्जन, की सही जुळेना तर सन अमुकचे कार्ड शोधायला स्वतः माळ्यावर चढत. लोक त्यांचे गुण गात, पण रांगेतून मुकाट्याने दुसऱ्यांकडे सरकत. दुसरे मान वर न करता म्हणत, “हे माझ्याकडे होत नाही. तीन नंबर.” लोक त्यांना शिव्या देत, पण काम पाच मिनिटांत होई. आता यात नीतिमान कोण? मी पुष्कळ दिवस सज्जनांच्या बाजूचा होतो. पण तीन नंबरवर माणूस बसलेला असतो, तोवरच दुसऱ्यांचे खरे. रविवारी एकट्यावर शाखा सोपवली असती, तर माळ्यावर चढणाराच हवा होता.

वाचनालयात पुढे नेमके हेच झाले. तीन डिस्कवर गाडा चालू राहिला. एक गेल्याची पत्रे सर्व्हर इमानाने पाठवत होता, पण ती ‘रूट’ नावाच्या पेटीत पडत आणि ती पेटी उघडायची असते हे कुणाला ठाऊक नव्हते. दिवाळीनंतर दुसरी डिस्क गेली आणि सगळेच थांबले.

भाच्याने आधी एक नियम घातला : मूळ कागदाला हात नाही, जे करायचे ते झेरॉक्सवर. तीन नव्या डिस्क आणून त्यांवर नकला केल्या. आजारी डिस्कसाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा प्रोग्राम असतो. तो हुशार विद्यार्थ्यासारखा सोपे प्रश्न आधी सोडवतो आणि अवघड जागांकडे मागून पुन्हापुन्हा येतो. इथे तीस सेकंदांची घाई नाही. दीड दिवस लागला.

मग विश्वास कुणावर ठेवायचा, हा प्रश्न. प्रत्येक डिस्कच्या कपाळावर एक आकडा असतो. व्यवस्थेत काही घडले की तो वाढतो. दोघींचा आकडा सारखा होता. आजारी डिस्क तीन नोंदींनी मागे. आणि पावसाळ्यात काढलेली, तब्येतीने ठणठणीत, ती हजारो नोंदींनी मागे. मी म्हटले, “अरे, धडधाकट आहे ती घे की!”

“मामा, अमेरिकेतले काका वीस वर्षांनी येऊन आपलं घर कसं चालवायचं ते सांगतात ना, तशी आहे ती. तिचं सगळं बरोबर आहे, पण तेव्हाचं.”

“मग?”

“आजारी घ्यायची. ‘फोर्स’ म्हणायचं. म्हणजे तिचा आकडा पुढे करून तिला इतरांच्या बरोबरीची मानायची.”

“याला आमच्याकडे मागच्या तारखेची नोंद म्हणतात. चौकशी लागते!”

“चोरून केली तर. मी वहीत लिहून करतोय, आणि तेही झेरॉक्सवर. चुकलं तर फाडून टाकू.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. सर्व्हरकडे होते : व्यवस्था उभी राहिली. मग फाइलींची तपासणी झाली. ज्या पानांचा पत्ता लागला नाही ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात, नाव जाऊन नुसत्या क्रमांकाने, जमा झाली. आम्ही याला उचंत खाते म्हणतो. सगळे उघडून पाहिल्यावरच भाच्याने अमेरिकेतल्या काकांची जुनी आठवण पुसून त्यांना कोरे करून चौथ्या जागी बसवले. तिघी नव्या सात सेकंदवाल्या आहेत. काकांचा स्वभाव काही बदलायचा नाही, म्हणून त्यांच्यापुरता साहेबाचा धीर ३० वरून १८० सेकंद केला आहे. पत्रे आता भाच्याच्या मोबाइलवर येतात.

उचंत खात्यात अकरा पाने आहेत. त्यांपैकी नऊ ओळखू आली. उरलेली दोन एकाच कथेची. पहिल्या पानावर नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे, दुसऱ्यावर तिच्या मुलीचे लग्न. वाचनालयाचे दोन ज्येष्ठ सभासद दर रविवारी येऊन मधले पान कुठल्या अंकात असेल त्यावर भांडतात.