थकलेल्याला जू कशाला?

आजचं वचन: मत्तय ११:२८-३०



हे वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. मंडळीच्या कॅलेंडरवर असतं, लग्नात भेट आलेल्या फ्रेमवर असतं, कुणाच्या तरी स्टेटसला आठवड्यातून एकदा दिसतंच. पण बहुतेक ठिकाणी २८वं वचन छापून गाडी थांबते. थकलेल्यांना, ओझ्यानं वाकलेल्यांना प्रभू जवळ बोलावतो आणि विसावा देईन म्हणतो, एवढंच. २९व्या वचनात तो लगेच जू घ्यायला सांगतो, ते फ्रेमवर येत नाही.

खरं सांगायचं तर मला हे बरीच वर्षं खटकायचं. रात्रभर रिलीज चालू होतं, सकाळी सहाला लॅपटॉप बंद केला, डोळे चुरचुरतायत, आणि कुणी म्हणालं, ये बाबा, विसावा घे, आणि हे घे जू. थकलेल्या माणसाला खाट द्यावी की जू द्यावं?

जू आपल्यातल्या शहरी पोरांनी बहुतेक चित्रातच पाहिलंय, म्हणून दोन शब्द. बैलांच्या मानेवर येणारं आडवं लाकूड. साधारणपणे ते जोडीसाठी असतं. नीट तासलेलं नसेल, किंवा जोडीतल्या बैलांच्या उंचीत फरक असेल, तर भार एका बाजूला येतो, कातडी सोलवटते, खांदेसूज होते. म्हणजे तेवढंच शेत, तेवढाच नांगर, पण एका जुवाखाली बैल दिवसभर चालतो आणि दुसऱ्याखाली दुपारीच बसतो. नवा खोंड शिकवायचा असेल तर त्याला मुरलेल्या बैलाबरोबर जुंपतात. ओढायचं काम सुरुवातीला मुरलेलाच करतो, खोंड फक्त बरोबर चालायला शिकतो. ‘माझ्यापासून शिका’ हा भाग त्याच २९व्या वचनात का आहे, ते मला हे कळल्यावर कळलं.

दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरनं लिहून ठेवलंय की येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवायचा. शुभवर्तमानात हे नाही, पण जू कसं बसतं ते त्याला हातानं ठाऊक असावं, असं मानायला मला आवडतं. ३०व्या वचनात जुवासाठी जो ग्रीक शब्द आलाय, ख्रेस्टोस, तो वस्तूबद्दल वापरला तर ‘उपयोगी, सोयीचं’ आणि माणसाबद्दल वापरला तर ‘दयाळू’ असा होतो.

आणखी एक शब्द. २८व्या वचनात ‘कष्टी’ लोकांसाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच योहान ४:६ मध्ये येशूसाठी आलंय. भर दुपारी याकोबाच्या विहिरीजवळ तो चालून चालून दमला आणि तसाच बसला. बोलावणाऱ्याला दमणं म्हणजे काय हे आतून माहीत आहे. माझ्यासाठी हे साधं नाही. टीम दमलेली असताना एसीत बसून ‘टेक केअर गाईज’ म्हणणारे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत.

तरी एक आक्षेप उरतोच, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

हे मी कारेगावात बसून लिहितोय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगाव एमआयडीसीला चिकटलेलं गाव. शेतं होती तिथं आता भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, मेस, मोबाईल रिचार्जची दुकानं. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं. एका खोलीत तिघं-चौघं. एकाची फर्स्ट, एकाची सेकंड, एकाची नाईट. गादी थंड होत नाही. नाईट करून आलेला पोरगा दुपारी पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतो आणि बाहेर टँकरचा पंप चालू असतो. कंपनीत लाइनच्या वर बोर्ड असतो, त्यावर दोन आकडे: टार्गेट आणि ॲक्च्युअल. दुसरा आकडा पहिल्याला गाठेपर्यंत पाणी प्यायला जाणंही मोजून.

त्याला मी हे वचन सांगितलं, आणि तो म्हणाला, ‘दादा, विसावा नको, वीकली-ऑफ द्या,’ तर? धर्म म्हणजे दमलेल्या माणसाला गप्प बसवायची गोळी, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि कधीकधी आपणच त्यांना पुरावा पुरवतो.

मला उत्तर पवित्र शास्त्रातच सापडतं, फक्त ते फ्रेमवर लावण्यासारखं नाही. निर्गम ५ वाचा. इस्राएली लोक मिसरात विटा पाडतायत. ते उपासनेसाठी सुट्टी मागतात तेव्हा फारो म्हणतो की हे आळशी झालेत. मग त्यांना पेंढा द्यायचा बंद करतो, पण विटांचा आकडा तोच ठेवतो. रिसोर्स कमी, टार्गेट तेच. आणि ज्या देवानं त्या लोकांना तिथून बाहेर काढलं, तो त्यांना शब्बाथ देतो. अनुवाद ५:१५ मध्ये शब्बाथाचं कारण सांगितलंय: तुम्ही गुलाम होता हे विसरू नका. निर्गम २३:१२ तर त्याहून पुढे जातं. तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या दासीचा मुलगा आणि परका माणूस यांना श्वास घेता यावा म्हणून तू थांबायचंस. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, बैलांचे खांदे हळद लावून चोळतात, दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी जुंपत नाही. वर्षातून एकदा. तिथं दर आठवड्याला आहे, आणि आज्ञा बैलाला केलेली नाही, मालकाला केलेली आहे.

येशूही हे विसरलेला नाही. त्याच मत्तयात, २३:४ मध्ये, तो शास्त्री-परूश्यांवर ठपका ठेवतो की ते जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. ११व्या अध्यायातले ओझ्यानं वाकलेले लोक आणि २३व्या अध्यायातली ओझी, मूळ भाषेत एकाच कुळातले शब्द आहेत. म्हणजे बोलावणं ज्या तोंडातून आलं त्याच तोंडातून ओझं बांधणाऱ्यांवर आरोपही आलाय. एक वाचून दुसरं गाळायची मुभा आपल्याला नाही. म्हणून त्या पोरानं वीकली-ऑफ मागितला तर त्याच्या बाजूनं बोलणं हा या वचनाचाच भाग आहे. आणि झोप ही आत्मिक गोष्टींपेक्षा हलकी समजू नका. १ राजे १९ मध्ये एलिया झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत प्रवचन करत नाही. भाकर आणि पाणी ठेवतो, त्याला पुन्हा झोपू देतो, परत उठवून पुन्हा जेवायला घालतो. बोलणं नंतर, डोंगरावर.

पण समजा झोप झाली. सुट्टी मिळाली, महाबळेश्वरला जाऊन आलो, स्ट्रॉबेरी खाल्ली, सोमवारी लॅपटॉप उघडला आणि तेच. हा दुसरा थकवा कुठून येतो? आपण रोज कुणाला तरी काहीतरी सिद्ध करून दाखवतोय, त्यातून येतो असं मला वाटतं. आई-बाबांना, लिंक्डइनला, आणि विश्वासू लोक असलो तर देवालाही. सेवा केली, उपास केला, यूथ मीटिंग घेतली, तरी आतला बोर्ड लालच.

याची साक्ष इथून फार लांब नाही. कारेगावहून न्हावऱ्याला जा, तिथून चौफुल्याच्या रस्त्यानं भीमा ओलांडा, की दौंड तालुक्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई (१८५८-१९२२) लहानपणापासून अक्षरशः चालत होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे सगळ्या कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थ करायचे, पुराणं सांगायचे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, बहीण गेली. मग भावाबरोबर पुन्हा पायपीट. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तिथं विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, हातात लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा.

आपल्या साक्षींच्या पुस्तकांत गोष्ट इथं संपते. बाप्तिस्मा झाला, विसावा मिळाला, आमेन. रमाबाई इतक्या प्रामाणिक आहेत की त्या तसं लिहीत नाहीत. १९०७ मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर त्या अमेरिकेत व्याख्यानं देऊन आल्या होत्या, पुस्तक गाजलं होतं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यात आलं होतं. बाहेरून पाहिलं तर सगळे आकडे हिरवे. आणि आत बाई अस्वस्थ. विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. पाळक झाल्यावर बऱ्याच काळानं त्याला कळलं होतं की आपलंच अजून तारण व्हायचंय. ते वाचून रमाबाईंना आपलं दुखणं ओळखता आलं. मिळवून दाखवायची धडपड त्यांनी सोडली आणि जे दिलं जातंय ते घेतलं.

त्यानंतर काय झालं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांचं काम कमी झालं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला जमीन होती, तिथं विहिरी खणल्या, घरं उभी केली. १९००च्या सुमाराला तिथली संख्या दीड हजारांच्या घरात होती. शिवाय साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकमधून भाषांतर, छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जी त्यांच्यामागे सगळं सांभाळणार होती. त्या भाषांतरावर काम करतच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे गेल्या. छापलेलं पूर्ण शास्त्र १९२४ चं आहे.

आता याला विसावा म्हणायचं का? आठ तासांच्या झोपेचं ॲप तर नक्कीच म्हणणार नाही. दुष्काळातून आणलेल्या पोरींची पोटं भरणं हे जडच काम आहे, ते देवाच्या नावानं हलकं होत नाही. पण १८९१ च्या आधीच्या आणि नंतरच्या रमाबाईंमध्ये एक फरक मला दिसतो. आधी काम त्यांच्याबद्दल काहीतरी ठरवत होतं, नंतर ते आधीच ठरलेलं होतं. उत्पत्तीत माणूस सहाव्या दिवशी घडला. म्हणजे त्याचा पहिला पूर्ण दिवस सातवा, विसाव्याचा. अजून त्यानं एक काडीही हलवलेली नव्हती. आपण पगारासारखा महिनाअखेरीस विसावा मागतो, तिथं तो कामाच्या आधी हातात ठेवलाय.

माझ्यापुरतं मी हे असं करून पाहतोय: सकाळी मेल उघडायच्या आधी दहा मिनिटं, काही न मागता, गप्प बसणं. सेवा म्हणून नाही, स्ट्रीक मोजायला तर अजिबात नाही. काही दिवस डुलकी लागते. लागू दे. मार्क ४:३८ मध्ये वादळात उशी घेऊन झोपलेला प्रभू माझ्या डुलकीला नावं ठेवेल असं वाटत नाही.

ज्यांची सुट्टी रविवारी येत नाही (पिंपरी-भोसरीकडे तर गुरुवारी असते), त्यांनी उपासना चुकली म्हणून जिवाला लावून घेऊ नका. ज्या दिवशी ऑफ असेल त्या दिवशी दोघं-तिघं खोलीवर जमा, आधी जेवा, मग वाचा.

प्रभू येशू, आज नाईटला जाणाऱ्यांना बसमध्ये थोडी झोप लागू दे. ज्यांच्या हातात शिफ्टचं शेड्यूल आहे त्यांना आज एखाद्याचं नाव नीट वाचू दे. आमेन.

उद्याचं वाचन: निर्गम ५. पूर्ण अध्याय वाचून या.