तिसरा बेल्ट आणण्याआधी

बोरी अरब, ता. दारव्हा

चि. बाळास,

जिपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलंस, हे वाचून फार आनंद झाला. पण दुसराही बेल्ट एका कडेनं झिजला, पुलीभोवती काळी भुकटी पडते, असं लिहितोस. तिसरा आणू नकोस. बेल्टचा दोष नाही, पुल्या एका रेषेत नाहीत.

आपल्याकडच्या कापसाच्या जुन्या जिनांत सपाट पट्टे चालत. त्यांच्या पुलीचा मध्य किंचित फुगीर असे, म्हणून सरकलेला पट्टा आपोआप मध्यावर येई. तुझ्या रिबवाल्या बेल्टला ती सोय नाही. तो खाचेत अडकतो आणि घासत राहतो.

आधी खात्री कर. इंजिन संथ चालू ठेवून रिबांवर लांबूनच थोडं पाणी शिंपड. बाही, बोटं दूर ठेव. बेल्टची चिवचिव थांबून परत आली तर अलाइनमेंट चुकलेली, आवाज वाढला तर बेल्टचा ताण कमी.

मग इंजिन बंद कर, बॅटरीची तार काढ, बेल्ट उतरव. क्रँकपुली हातानं हलवून पाहा. तिच्या आतलं रबर जुनं झालं की बाहेरची कडी सरकते, आणि मग सगळी मापं खोटी ठरतात. ती ठीक असेल तर तिच्या तोंडावर सरळ पट्टी टेकव आणि वॉटर पंपाची पुली तपास. या दोघी जुळल्या तर अल्टरनेटरकडे बघ. इंजिन बदललं की तोच बहुधा दुसऱ्या गाडीचा किंवा घडवलेल्या ब्रॅकेटवर बसवलेला असतो. पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या नसतात, म्हणून माप खाचेपासूनच घे. फूटभर अंतराला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही.

पुली नुसती पुढे-मागे असेल तर ब्रॅकेटच्या सगळ्या बोल्टांखाली सारख्या जाडीचे स्पेसर टाक. पट्टी वर टेकते आणि खाली फट राहते, असं दिसलं तर पुली तिरकी आहे. तिथं एका बाजूला वॉशरांची चवड लावणं मला मुळीच पसंत नाही. ते सैल होतात. ब्रॅकेट नवं करून घे. बेल्ट चढवताना स्क्रूड्रायव्हरनं ओढू नकोस, आतले दोर तुटतात.

आणि यवतमाळच्या आरटीओत जाऊन ये. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीत लागते.

तुझे,
मोठेबाबा