सांधणाऱ्याचे श्रेय

दुसऱ्यांच्या कृती घेऊन त्यांची नवी जुळणी करणाऱ्याला कर्ता म्हणावे काय? हा प्रश्न माझ्या मनात रुजला तो भाच्याने दिलेल्या एका अल्बममुळे. साशा आणि जॉन डिग्वीड या दोघा ब्रिटिश डीजेंनी १९९६ साली सिद्ध केलेला 'नॉर्दर्न एक्स्पोजर'. दोन तबकड्या, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. या संगीताला कोणी प्रोग्रेसिव्ह ट्रान्स म्हणतात, कोणी हाऊस. तो वाद त्या पंथातल्यांनी घालावा. आपल्यापुरती गोष्ट एवढीच, की यातल्या बहुतेक चिजा इतरांच्या आहेत. या दोघांनी केला तो क्रम, आणि केले ते सांधे.

हे सांधे म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगायला हवे. ट्रान्सची लय साधारण मिनिटाला १२५ ते १४० ठोक्यांची. १२८ ची लय धरली तर ३२ ठोक्यांना बरोबर १५ सेकंद लागतात, आणि चिजेत नवे काही यायचे ते बहुधा अशाच हद्दीवर येते. एक चीज संपत आली की दुसरीचा वेग किंचित कमी-जास्त करून ठोक्यावर ठोका बसवायचा, पहिलीचा खर्ज उतरवत दुसरीचा चढवायचा. स्वर एकमेकांशी भांडले तर ज्याला सा कळत नाही त्याचाही कान कुरकुरतो. सांधा उत्तम असेल तर चीज बदलल्याचे थोड्या वेळाने ध्यानात येते. कधी बदलली ते सांगता येत नाही. शिवाय संयम हवा. ठोका मध्येच काढून घ्यायचा, नुसते सूर तरंगत ठेवायचे आणि श्रोता अधीर झाला तरी ठोका लगेच परत द्यायचा नाही. घाईने ऐकणाऱ्याला यात तोचतोचपणा दिसेल. त्याने तासभर बसावे.

आमचे संस्कृतचे एक सहकारी म्हणतात, "सर, दुसऱ्याच्या बागेतल्या फुलांचा हार केला म्हणून कोणी माळी होतो का?" होत नाही, कबूल. पण मग आपल्या कीर्तनकारांचे काय? अभंग तुकोबांचा, आख्यान पुराणातले. तरी आपण म्हणतो, अमक्या बुवांचे कीर्तन ऐकले. बुवांनी चोरी केली असे कोणी म्हणत नाही, कारण 'तुका म्हणे' ही मुद्रा अभंगातच बसलेली असते. ऋण तिथल्या तिथे उच्चारले जाते.

माझ्या मते प्रश्नाची नैतिक बाजू इथे आहे. तबकडीच्या वेष्टनावर मूळ कर्त्यांची नावे छापलेली असतात. पण नाचाच्या रात्री ती कोण पुकारतो? आपल्या शेजारच्या गोव्यात, हणजुणच्या किनाऱ्यावर, १९९० च्या दशकात याच कुळातले संगीत रात्ररात्र वाजे. वाजवणाऱ्यांची नावे गाजली. ज्याच्या चिजेवर माणसे पहाटेपर्यंत नाचली त्याचे नाव नाचणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक होते?

हे मी तिऱ्हाइताच्या तटस्थतेने लिहू शकत नाही. मी वर्गात शिकवलेले जवळजवळ काहीच माझे नव्हे. कोणत्या कवितेनंतर कोणती घ्यायची, कुठे थांबायचे, कन्नड माध्यमातून आलेल्या मुलाला कोणत्या शब्दावरून मराठीत अलगद उतरवायचे, एवढेच काय ते माझे. त्याला मी काम म्हणतो, आणि पगारही घेतो. मग त्या दोघा डीजेंना कर्तेपण कोणत्या तोंडाने नाकारू?

संस्कृतचे सर मात्र अजून माळ्यावरच अडून आहेत. त्यांना उत्तरेची तबकडी ऐकायला दिली आहे.