ऐकले तेवढ्याने खरे मानू नका



केसपुत्त गावचे कालाम लोक एकदा भगवान बुद्धांपुढे आपली अडचण घेऊन गेले. आमच्या गावी अनेक श्रमण-ब्राह्मण येतात. जो तो आपले मत थोर म्हणतो आणि दुसऱ्याचे तुच्छ लेखतो. आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? भगवंत म्हणाले, तुम्हांला शंका आली हे योग्यच झाले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, हे स्वतः जाणा आणि मग ठरवा.

आज प्रत्येक घर केसपुत्त झाले आहे. सकाळी वर्तमानपत्र येते, संध्याकाळी टीव्ही लागतो आणि मोबाईल तर उशाशीच असतो. सांगणारे हजार झाले. पारखणारा मात्र घरातूनच तयार व्हावा लागतो.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस थोरांना आठवत असेल. गणपतीची मूर्ती दूध पिते, अशी वार्ता त्या दिवशी देशभर पसरली. ती टेलिफोनने धावली, टीव्हीने धावली, परदेशांतही पोहोचली. लोक कामधंदा सोडून दुधाचे पेले घेऊन रांगेत उभे राहिले. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखविले, तेव्हा उलगडा झाला. द्रवाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध मूर्तीकडे ओढले जाई आणि पातळ थराने खाली ओघळे. मोहाने त्या दिवशी दूध सांडले.

द्वेष मोहाला मिळाला की रक्त सांडते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागणारी ही भटकी माणसे. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. परके चेहरे दिसताच लोकांनी तेच खरे धरले. त्या पाच जणांना आपली बाजू मांडण्याची संधीही मिळाली नाही. यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण यंत्राला घातलेली मर्यादा मनाला कशी पुरेल?

आता मनाला विचारा, मारणारे हातच तेवढे दोषी काय? तो निरोप खात्री न करता ज्याने ज्याने पुढे सरकविला, त्याची वाचा शुद्ध राहिली काय? आपण पंचशील घेतो तेव्हा मुसावादापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा करतो. पूर्वी वाचा जिभेची होती, आज ती बोटाच्या टोकावरही आहे. न तपासता पुढे पाठविलेली बातमी ही आपलीच वाणी होय.

बाबासाहेबांनी वर्तमानपत्राचे सामर्थ्य पुरते ओळखले होते. म्हणून त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला आणि पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. अनेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे त्यांनी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात दाखवून दिले. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावर भाषण करताना, वृत्तपत्राचा आता निव्वळ व्यापार झाला आहे, साबण तयार करण्याइतकीच नीती त्यात उरली आहे, अशा अर्थाची कडक टीका त्यांनी केली. त्यांनी स्वतः पत्रे चालविली आणि पत्रांची पारखही केली. या दोन्ही गोष्टी आपण घेतल्या पाहिजेत.

ही पारख परक्यांच्या बातमीपुरती ठेवू नका. वर बाबासाहेबांचे चित्र आणि खाली कोणीतरी रचलेले वाक्य असेल, तर तेवढ्याने ते वाक्य बाबासाहेबांचे होत नाही. कुठे विटंबना झाली, कुठे अत्याचार झाला, असे कळले तर आधी खरे काय ते विचारा. अन्याय खरा असेल तर त्याविरुद्ध उभे राहणे हे कर्तव्यच आहे. बातमी खोटी निघाली तर मात्र खटले आपल्याच तरुणांच्या नावावर चढतात आणि खऱ्या अन्यायाची दाद मागतानाही आपला शब्द हलका पडतो.

म्हणून सायंकाळी वंदनेसाठी घरातील सर्व एकत्र बसता, तेव्हा दिवसभरात कानावर आलेली एखादी बातमी मध्ये ठेवा. मुलांना विचारू द्या: हे कोणी पाहिले? सांगणाऱ्याचा यात लाभ काय? हे ऐकून आपल्या मनात लोभ उठला, द्वेष उठला की करुणा उठली? उत्तर सापडले नाही तर ती बातमी आपल्या घरीच थांबू द्या. मुलगी विचारील, "आई, हे तुला कोणी सांगितले?" त्या प्रश्नाचा राग मानू नका. कालामांनाही भगवंतांनी रागावून गप्प बसविले नव्हते.

जयभीम.