सायकल निवडताना अपरिग्रह
रोज ३ किलोमीटर सपाट रस्त्याने ऑफिसला जायचे असेल, तर २१ गिअरची सायकल कशासाठी? महर्षी पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अपरिग्रह आहे. म्हणजे गरजेपलीकडचे न घेणे. पण म्हणून सर्वांत स्वस्त सायकल घ्यावी का? ब्रेक नीट लागले नाहीत, तर समोरच्याला इजा होईल. आणि अहिंसा हा तर पहिला यम. म्हणून ब्रेक, दिवा, घंटी यांत काटकसर करू नये. पावसासाठी मडगार्ड, डब्यासाठी कॅरिअर असावे. वाटेत चढ असेल, तर गिअरही गरजच ठरतात. दुकानात आपण मनाला विचारावे : हे माझ्या रस्त्यासाठी आहे की लोकांच्या नजरेसाठी? प्रामाणिक उत्तर देणे हीच साधना.